शेती शिकवणारा माणूस गेल्यावर: दुःखाचं काय करायचं आणि त्यांची न दिसणारी कामं कशी शोधायची

प्रश्न थोडक्यात असा: "ज्यांच्या हाताखाली सहा वर्षं शेती शिकलो ते तात्या दोन महिन्यांपूर्वी गेले. रक्ताचं नातं नव्हतं, त्यामुळे मला कसं वाटतंय हे कोणी विचारत नाही. जमीन आता मी कसतो. शेतात गेलं की हात चालत नाहीत. वर लोक म्हणतात, तात्या तसं विशेष काही करत नव्हते, दिवसभर बांधावरून फिरायचे. याचाच त्रास जास्त होतो. काय करावं?"

आधी बांधावरून फिरण्याबद्दल बोलतो, कारण तुमचं दुःख आणि पुढच्या हंगामाची काळजी दोन्ही तिथेच येऊन मिळतात.

शेतीतली बरीच कामं अशी असतात की ती नीट झाली तर काहीच घडत नाही. चर उपसलेला असतो म्हणून पाणी तुंबत नाही. धान्याच्या कोठीत हात घालून बघितलेला असतो म्हणून दाणे तापत नाहीत. फवारणी पंपाचं नोझल वेळेवर बदललेलं असतं म्हणून पानं जळत नाहीत. जे नुकसान झालंच नाही त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते. म्हणून असं काम करणारा माणूस बाहेरून रिकामा दिसतो. तात्या फिरत होते म्हणजे पाणी, कीड, कुंपण, ओल आणि उगवण या पाचही गोष्टी रोज डोळ्याखालून घालत होते. आता ही कामं कोणाच्याच नावावर नाहीत. काही पहिल्या मोठ्या पावसातच उघडी पडतील, काही दोन-तीन हंगामांनी. ती त्याआधी शोधून काढणं हे तुमच्यासमोरचं खरं काम आहे. माझ्या मते तात्यांना धरून राहण्याचाही तोच रस्ता आहे.

पण हात चालत नाहीत, त्याचं आधी बघू.

नात्याचं नाव नसलेल्या माणसासाठी होणाऱ्या दुःखाला समाज जागा देत नाही. केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 मध्ये अशा मान्यता न मिळालेल्या दुःखाची स्वतंत्र मांडणी केली. गुरू, शेजारी, सहकारी, पाळीव जनावर, सगळे त्यात येतात. हे दुःख कमी नसतं, ते बोलून दाखवायला माणसं कमी असतात एवढंच. म्हणून निदान एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा: "तात्या माझे गुरू होते, मला जड जातंय." समोरचा आपणहून ओळखेल याची वाट पाहू नका.

दुःखाच्या पाच पायऱ्या तुमच्या कानावर आल्या असतील. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढायच्या असतात असं समजू नका. त्यापेक्षा मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये सांगितलेलं शेतकऱ्याला जास्त उपयोगाचं आहे. माणूस दुःखाकडे जातो, मग रोजच्या कामाकडे येतो, पुन्हा दुःखाकडे जातो, आणि हे येणं-जाणं हीच भरून येण्याची रीत आहे. सकाळी रडू येणं आणि दुपारी पाणी द्यायला जाणं यात खोटं काहीच नाही.

शेतात हा झोका कामागणिक बसतो. शरीर जे काम त्यांच्या शेजारी उभं राहून शिकलं, ते करताना त्यांचा आवाज येतो. म्हणून पहिलं वर्ष जड जातं ते तारखांमुळे कमी आणि कामांमुळे जास्त: पहिली नांगरट, पहिली पेरणी, पहिली विरळणी, पहिली कापणी. ही कामं आत्ताच कागदावर लिहून ठेवा. त्या दिवशी एकटे जाऊ नका, निम्मंच क्षेत्र धरा, सकाळी लवकर सुरू करा आणि नंतर दुसरं काही ठेवू नका. दुसऱ्या दिवशी उरलेलं निम्मं बरंच हलकं जातं.

एका बाबतीत मात्र कडक राहा. झोप मोडलेली असताना आणि लक्ष उडालेलं असताना ट्रॅक्टरच्या पीटीओवर (अवजाराला फिरकी देणाऱ्या मागच्या दांड्यावर), झाडकापणीच्या करवतीवर किंवा विहिरीत एकट्याने काम करू नका. पीटीओचा दांडा बहुतेक ट्रॅक्टरवर मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. बाहीचं टोक अडकल्यावर विचार करायला वेळच उरत नाही. कीटकनाशकाचं माप अशा दिवसांत दोनदा घातलं जातं किंवा घालायचंच राहतं. मिसळण्याआधी मात्रा आणि टाक्यांची संख्या कागदावर लिहा, टाकी झाली की खूण करा. आणि जगणं नकोसं वाटण्याचे विचार मनात येत असतील तर कीटकनाशकाच्या कपाटाची किल्ली आजच दुसऱ्या माणसाकडे द्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. विष हाताशी नसलं की जीव वाचतात, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. दुःख सहा महिने किंवा वर्ष उलटूनही तसंच तीव्र राहिलं आणि रोजचं जगणं अडलं, तर त्यावर उपचार आहेत. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा लांबलेल्या दुःखासाठी सहा महिन्यांची मुदत धरली आहे.

आता त्यांची कामं शोधण्याकडे येतो. पहिला साक्षीदार अवजारं. सुरुवात त्यांच्यापासून करा, कारण घरचे लोक ती आवरून टाकण्याआधी वाचायला हवीत. खुरपं हातात घ्या. पात्याचा कोणता कोपरा जास्त झिजलाय ते बघा. डावा कोपरा झिजला असेल तर ते पातं तिरपं धरून एका बाजूने ओढत होते, म्हणजे पिकाच्या मुळाशी टोक न नेता तण कापत होते. मुठीवर लाकूड कुठे काळं आणि गुळगुळीत झालंय तिथे तुमचा हात ठेवा. तुमचा हात नेहमी त्याच्या मागे पडत असेल, तर बहुधा तुम्ही जोर मनगटातून लावता आणि ते खांद्यातून लावत असतील. कुदळीच्या दांड्यावर खाचा दिसल्या तर पट्टीने मोजा, बऱ्याचदा ते पेरणीचं किंवा रोपांमधलं अंतर असतं. सगळ्याचे फोटो काढा, मगच साफ करा.

साफ करताना पात्याला ग्राइंडर लावू नका. धातू तापून निळा पडला की पात्याला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं आणि धार टिकत नाही. पातं पक्कं बांधा आणि कानस फक्त पुढे ढकलताना दाबा, मागे आणताना उचला. मूळ उताराचाच कोन ठेवा. कुदळ-खुरप्याला एका बाजूने साधारण 30 अंश पुरतात. मागच्या बाजूची लव (घासताना वळलेली धातूची बारीक कड) एका हलक्या फेरीत काढा. दांडा पाणी लावून न धुता कोरडा घासा आणि जवसाचं तेल पातळ चोळा. तेलाचं फडकं चोळामोळा करून ठेवू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. उघडं पसरून वाळवा. आणि त्यांचं खुरपं खिळ्याला टांगून ठेवण्यापेक्षा वापरात ठेवा असं मी सांगेन. धार लावण्याची सवय हातात राहते ती त्यामुळेच.

दुसरा आणि सगळ्यात मोठा साक्षीदार पाऊस. तात्यांना पाण्याबद्दल जे ठाऊक होतं ते कोरड्या दिवशी दिसणार नाही. पहिला जोराचा पाऊस सुरू असतानाच, विजा नसतील तर, शेताला एक फेरी घाला. पाऊस थांबल्यावर गेलात तर पाणी कुठून आलं ते कळत नाही, कुठे साचलं तेवढंच दिसतं. हातात काठ्यांचा गठ्ठा न्या. पाणी बांध ओलांडतं तिथे एक काठी, चरात गढूळ भोवरा दिसतो तिथे एक, साचून राहतं तिथे एक. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चोवीस तासांनीही पाणी उभं असलेल्या जागा वेगळ्या लिहा. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो, त्यामुळे उबदार हवेत भरलेल्या मातीतला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो आणि मुळं काळी पडू लागतात. पान पिवळं पडतं ते त्यानंतर, आणि तेव्हा लोक खत टाकतात. आजार निचऱ्याचा असतो, औषध भुकेचं दिलं जातं.

चर उपसताना खालच्या तोंडापासून सुरू करून वर या. वरून खाली आलात तर उपसलेलं पाणी पुन्हा गाळ घेऊन खाली बसतं. मातीच्या चराला 100 मीटरमागे 20 ते 30 सेंटिमीटर उतार साधारण पुरतो. कमी असेल तर गाळ बसतो, फार जास्त असेल तर तळ खरवडला जातो. उतार डोळ्याने ठरवू नका. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांच्या खुंट्यांना लावा आणि पातळी मोजा, नळीत बुडबुडा नाही एवढं बघा. काठ उभे कापू नका, निदान 45 अंशांचा उतार ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात ते ढासळतील. आणि काढलेला गाळ काठावर रचू नका. हीच चूक सगळ्यात जास्त होते. गाळ काठापासून दूर, शेतात पातळ पसरा, तो तुमच्याच शेताचा वरचा थर आहे. तात्यांचा चर उथळ असूनही दर वर्षी वाहत असेल, तर याचं कारण ते दर वेळी थोडा थोडा उपसत होते. एक वर्ष चुकलं की गवताची मुळं तळ धरतात, आणि मग काम फावड्याचं न राहता यंत्राचं होतं.

वाफशाचं, म्हणजे जमीन नांगरट-पेरणीजोग्या ओलीवर कधी आली हे ओळखण्याचं, ज्ञान बहुतेक त्यांच्याबरोबर गेलं असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही, ते तुमच्या हातातही अर्धं आलेलं आहे. 10 ते 15 सेंटिमीटर खोलीवरची मूठभर माती घ्या, वरची नको, वरची माती फसवते. घट्ट दाबा. बोटांमधून पाणी दिसलं किंवा तळव्यावर चकाकी उरली तर आज जमीन हलवायची नाही. गोळा झाला तर अंगठ्याने दाबा. चपटा होऊन पट्टीसारखा लांबला तर थांबा, कडा फुटून भुसभुशीत झाला तर वाफसा आला. गोळाच होत नसेल तर तुम्ही उशीर केला, ढेकळं निघतील. ही तपासणी शेतात निदान पाच ठिकाणी करा आणि त्यात सगळ्यात ओली जागा असलीच पाहिजे. ओल्या मातीवर अवजार एकदा गेलं तर खाली दडपलेला थर कित्येक वर्षं राहू शकतो. तात्या सगळे पेरत असताना दोन दिवस थांबायचे आणि लोक हसायचे, असं काही आठवत असेल तर ते याच कारणासाठी थांबत होते. प्रत्येक वेळी तारीख, शेवटचा पाऊस किती दिवसांपूर्वी झाला, मुठीत काय दिसलं आणि आपण काय ठरवलं, एवढं एका ओळीत लिहा. दोन हंगामांत तुमचा हात त्यांच्या हाताच्या जवळ आलेला असेल.

फवारणीचं आणि ठिबकचं पटकन सांगतो. नोझलमधून एक मिनिट पाणी मापात धरा. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त निघालं तर बदला. ठिबकच्या फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबमापक लावा, फरक वाढत चालला की धुवा, आणि नळ्यांची टोकं उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. कोठीतल्या धान्यात लोखंडी गज पाऊण तास खोचून ठेवा, बाहेर काढून तळव्याला लावा. गरम लागला तर त्याच दिवशी धान्य पसरा.

तिसरा साक्षीदार माणसं आहेत, आणि इथे एक चूक टाळा. फक्त शेजारच्या पुरुषांना विचारून थांबू नका. तात्यांच्या घरातल्या बाईंना विचारा. बियाणं निवडणं, वाळवणं, राखणं, वासरांची देखभाल, कोंबड्या, मजुरांचा हिशेब ही कामं बहुतेक घरांत त्यांच्याकडे असतात आणि त्यांचा उल्लेख तात्यांच्या आठवणींतही येत नाही. ज्याला तुम्ही तात्यांची शेती म्हणता ती दोघांची असण्याची शक्यता दाट आहे. जाऊन "तुम्ही काय काय करायचात?" असं थेट विचारलं तर "काही नाही" असंच उत्तर येतं. त्यापेक्षा त्यांच्यासोबत एखादं काम करत बसा आणि हाताकडे बघून विचारा: हा दाणा बाजूला का टाकलात? मग उत्तरं येतात. मजुरांनाही विचारा, विशेषतः कुंपण आणि पाण्याची पाळी ज्यांच्याकडे होती त्यांना. त्यांचं दुःखही कोणी विचारलेलं नसतं.

मिळालेलं सगळं लिहिताना "तात्या फार कष्टाळू होते" असं लिहू नका. काम लिहा, क्रियापद लिहा: काय, कुठे, कधी, कशावरून ओळखायचं, आणि न केल्यास काय होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण तोच लोकांना उत्तर देतो. श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायची वेळ आली तरी हेच करा. "खालच्या कोपऱ्यातला चर ते दर वर्षी पावसाआधी उपसत, म्हणून ते शेत कधी तुंबलं नाही" या वाक्याने ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर शेत उभं राहतं.

लोकांना पटवायचंच असेल तर हिशेब मांडता येतो. चौदा दिवस ही न दिसणारी कामं करताना लागलेला वेळ मिनिटांत लिहा आणि त्यावरून पूर्ण हंगामाचे तास काढा. मग एका चुकीचं मोल काढा. समजा शेताचा दहावा भाग तुंबला आणि तिथलं निम्मं पीक गेलं, तर एकूण उत्पन्नाचे पाच टक्के गेले. त्या पाच टक्क्यांच्या रकमेला हंगामात फिरण्यात गेलेल्या तासांनी भागा. एका तासाला किती मिळतं ते कळेल, आणि ते कोळपणीच्या (ओळींमधलं तण काढण्याच्या) तासापेक्षा जास्तही निघू शकतं. हा हिशेब दुसऱ्यांना सांगण्याआधी स्वतःसाठी करा. कारण तात्यांच्या कामाला किंमत नव्हती असं म्हणणारा समाज उद्या तुमच्या मजुराने चर उपसला तर त्याला "मधल्या वेळात केलेलं काम" म्हणेल आणि तुम्हीही त्याचे पैसे कापाल. ही कामं वेळापत्रकात नावाने टाका, त्यांना दिवस द्या, त्यांची मजुरी वेगळी लिहा.

एक कठीण गोष्टही सांगायला हवी. दुःखात माणूस गुरूंची प्रत्येक सवय जपायला लागतो. "तात्या असंच करायचे" हे कारण म्हणून पुरेसं नाही. त्यांच्या काही पद्धती त्या काळातल्या पावसाला, त्या जातींना, त्यांच्या गुडघ्यांनाही धरून होत्या. जिथे शंका असेल तिथे एका पट्ट्यात त्यांची रीत ठेवा, शेजारच्या तितक्याच पट्ट्यात बदल करा, दोन हंगाम दोन्हीकडचं उत्पादन वेगळं मोजा. पट्टे एकाच उतारावर आणि एकाच मातीत असू द्या, नाहीतर मोजमाप फसवेल. त्यांची रीत हरली तर अपराधी वाटेल, ते साहजिक आहे. पण बांधावरून फिरून रोज नव्याने बघणारा माणूस स्वतः किती वेळा बदलला असेल ते आठवून बघा.

राहिलं बियाणं, आणि त्याला मुदत आहे, म्हणून ते या महिन्यातच बघा. त्यांनी राखलेल्या प्रत्येक भांड्यातून 100 दाणे घ्या, निवडून नको, डोळे मिटून. 25-25 चे चार भाग करा, ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं पिळल्यावर थेंब पडू नये इतकंच ओलं ठेवा. पिकाप्रमाणे पाच ते दहा दिवसांत मोजा, पण चौथ्या दिवशीही एकदा मोजा. शेवटी उगवलेले पण चौथ्या दिवशी मागे पडलेले दाणे शेतात दम धरत नाहीत. एरवी 90 टक्के उगवण धरून पेरत असाल आणि 72 निघाले, तर 90 भागिले 72, म्हणजे सव्वापट बी लागेल. निम्म्याच्या खाली गेलं असेल तर ते बी वाचवायचं आहे असं समजा: मोठ्या क्षेत्रात न पेरता एका वाफ्यात विरळ लावा आणि त्यातून नवं बी धरा.

नवं बी धरताना कडेच्या ओळी सोडा. झाडं उभी असतानाच चांगल्यांना दोरा बांधा, कारण कापणीनंतर ढिगातून मोठा दाणा निवडता येतो पण चांगलं झाड निवडता येत नाही. मका किंवा बाजरीसारखं परपरागीकरण होणारं (एका झाडाचा पराग दुसऱ्यावर जाणारं) पीक असेल तर शंभराच्या वर झाडांचं बी मिसळा, नाहीतर जात काही पिढ्यांत खुजी होत जाते. सावलीत, वाऱ्यावर वाळवा, 40 अंशांच्या वर तापू देऊ नका. वाळलं की नाही हे बघायला कोरड्या काचेच्या बरणीत कोरडं मीठ आणि थोडे दाणे घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल अजून 15 टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी आणखी काही दिवस वाळवा, कारण साठवणीत दर एक टक्का ओल कमी झाली की बियाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तेवढंच.

मग त्याचे दोन भाग करा. एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या घरी, दुसऱ्या छपराखाली, म्हणजे एका ठिकाणी उंदीर किंवा पाणी शिरलं तरी जात जाणार नाही. भांड्याच्या आत चिठ्ठी टाका, बाहेरची शाई पुसली जाते. चिठ्ठीवर जात, कापणीचं वर्ष, उगवणीचा आकडा, किती झाडांचं बी आहे ते, आणि बी कोणाकडून आलं त्यांचं नाव लिहा.